जुना पिकअप आणि जड ट्रेलर: आधी वजनकाटा, मग खरेदी

प्रश्न थोडक्यात असा: 2004 सालचा अर्ध्या टनाचा (हे फक्त वर्गाचं नाव) पिकअप, मॅन्युअलमध्ये ओढण्याची क्षमता 8,500 पौंड. राहण्याच्या ट्रेलरचं (ट्रॅव्हल ट्रेलर) रिकामं वजन 5,900 पौंड. घरातली चार माणसं, डोंगराळ रस्ते. मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या एअरबॅग (हवेच्या पिशव्या) बसवल्या की काम होईल का?

एअरबॅगने होणार नाही. त्या मागची बाजू उचलून धरतात, गाडी सपाट दिसते, पण अ‍ॅक्सल, चाकं, ब्रेक आणि फ्रेम जेवढं पेलत होते तेवढंच पेलतात. उलट गाडी बसलेली दिसेनाशी झाली की जास्त वजनाची खूणच पुसली जाते. आणि 8,500 हा आकडा सध्या बाजूला ठेवा. तुमच्या गाडीच्या काळात प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ही क्षमता ठरवत असे. सगळ्यांसाठी एकच चाचणी सांगणारं एसएई (वाहन अभियंत्यांची अमेरिकी संस्था) जे2807 हे मानक नंतर आलं, आणि ते सर्वांत आधी टोयोटाने 2011 च्या मॉडेलपासून लागू केलं. शिवाय त्याच मॉडेलमध्ये मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो 3.55 असेल तर क्षमता एक, 4.10 असेल तर दुसरी. जाहिरातीत नेहमी मोठीच छापलेली असते. अ‍ॅक्सल कोड दाराच्या चौकटीवरच्या लेबलवर किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडेल, तो मॅन्युअलच्या तक्त्याशी जुळवून बघा.

अर्ध्या टनाच्या गाडीत बहुतेक वेळा आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर, म्हणजे तुमच्या गाडीच्या मागच्या टोकावर बसतो. ट्रॅव्हल ट्रेलरसाठी 13 टक्के धरून चाला. नव्या गाड्यांच्या दारावर माणसं आणि सामान मिळून किती, हे थेट छापलेलं असतं. तुमच्या गाडीवर कदाचित फक्त जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा) आणि दोन्ही अ‍ॅक्सलच्या मर्यादा असतील, म्हणून पेलोड स्वतः काढावा लागेल: टाकी पूर्ण भरून गाडी काट्यावर न्या आणि आलेलं वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करा. वीस वर्षांत बसवलेलं मागचं झाकण, अवजारांची पेटी, जाड बंपर हे सगळं त्यात आपोआप धरलं जातं.

एक हिशेब मांडतो. आकडे नमुन्याचे आहेत, पण अशा गाडीला साजेसे. जीव्हीडब्ल्यूआर 6,700. भरलेली टाकी, चालक आणि अवजारांची पेटी धरून गाडी 5,400. उरले 1,300. बाकी तीन माणसं 400, सामान 100, वजन विभागणारा हिच 90. उरले 710. आता ट्रेलर: 5,900 मध्ये दोन भरलेल्या गॅस टाक्यांतल्या गॅसचे आणि जोडणीचे 75, बॅटरीचे 60, 40 गॅलन पाण्याचे 334, कपडे-भांडी-खुर्च्यांचे 600 मिळवा. जवळजवळ 7,000 झाले. त्याचे 13 टक्के म्हणजे 910. ट्रेलर 8,500 च्या खूपच आत आहे आणि गाडी मात्र 200 पौंडांनी ओव्हरलोड आहे.

वजन विभागणारा हिच, म्हणजे स्प्रिंग बारवाला, तुम्हाला घ्यावाच लागेल. रिसीव्हरवरचं (हिच ज्यात बसतो त्या गाडीमागच्या चौकोनी नळीवरचं) लेबल वाचा, त्यावर दोन आकडे असतात. जुन्या रिसीव्हरवर साधारणपणे नुसत्या बॉलवर 5,000 पौंड आणि 500 पौंड टंग वेट (हिचवर बसणारा ट्रेलरचा भार), तर बार लावून 10,000 आणि 1,000 असं दिसतं. म्हणजे तुमचा ट्रेलर साध्या बॉलवर टांगणंच चूक. बार काय करतात तर मागच्या अ‍ॅक्सलवरचा काही भार पुढच्या चाकांवर परत नेतात आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतात. भार नाहीसा होत नाही.

हिच नीट बसलाय की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. काट्यावर तीन वेळा जा: फक्त गाडी (सगळी माणसं, सामान आणि हिचच्या डोक्यासह), मग ट्रेलर जोडून पण बार न लावता, मग बार लावून. वरच्याच उदाहरणात पहिल्या फेरीत पुढचा अ‍ॅक्सल 3,200 आणि मागचा 2,790 आला. दुसऱ्या फेरीत 2,840 आणि 4,060. दोन्ही बेरजांतला फरक 910, हे तुमचं खरं टंग वेट. पुढून 360 पौंड उचलले गेले, म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक तेवढे हलके झाले. तिसऱ्या फेरीत 3,050 आणि 3,735. पुढचे 360 पैकी 210 परत आले. निम्म्याहून जास्त, ठीक आहे. किती परत आणायचे हे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. पण पुढचा अ‍ॅक्सल मूळ वजनाहून जड कधीच करू नका, कारण मग मागची चाकं हलकी होतात आणि ओल्या वळणावर मागची बाजू निसटते. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा 3,750 असेल तर आता तिथे 15 पौंडच शिल्लक आहेत, आणि एकूण 6,785, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर अजूनही 85 ने ओलांडलेला. हिच उत्तम बसूनही! इथे अवजारांची पेटी काढली आणि पाणी मुक्कामी पोचल्यावर भरलं तरच गणित सुटतं. पाण्याची टाकी ट्रेलरच्या मागे असेल तर ती भरल्याने टंग वेट कमी होऊन ट्रेलर झुलतो, पुढे असेल तर गाडीवर भार येतो. ती कुठे आहे ते वाकून बघा.

आता गाडीचं वय. गाडीखाली जा आणि रिसीव्हरचे बोल्ट, फ्रेमचा मागचा भाग, स्प्रिंगच्या पाट्या धरणारे हँगर आणि शॅकल स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. पापुद्रे सुटून खाली पडत असतील किंवा टोक आत जात असेल, तर बाकी काहीही वाचायची गरज नाही. त्या गाडीने हा ट्रेलर ओढू नये. लोखंडी ब्रेक पाइप गंजलेले असतील तर बदला. रबरी ब्रेक होज बाहेरून धड दिसून आतून फुगलेले असतात, वीस वर्षांचे असतील तर तेही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं: डॉट 3 प्रकारचं ऑइल नवं असताना 205 अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शिरलेल्यासाठी हीच किमान मर्यादा 140 आहे. लांब उतारावर पेडल अचानक जमिनीला लागतं ते याच कारणाने. ऑइल बदलायला खर्च नगण्य, सगळ्यात आधी ते करा.

गिअरबॉक्स मरतो तो उष्णतेने. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला तेलावर चालणारा दुवा) लॉक न होता चढावर घसरत राहिला की तेल तापतं, सील कडक होतात, क्लच जळतात. तेलाचं तापमान दाखवणारा गेज बसवा. 175 ते 200 अंश फॅरेनहाइट निवांत, 230 च्या वर गेलं की वेग कमी करून खालचा गिअर घ्या, तरीही चढत राहिलं तर सुरक्षित जागी थांबून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून थंड होऊ द्या. मोठा जादा कूलर लावा. टो-हॉल (जड ओढण्याचं) बटण असेल तर ते दाबा, नसेल तर ओव्हरड्राइव्ह बंद. गिअर सतत वर-खाली होत राहणं हेच सगळ्यात वाईट. तेल काळं आणि जळका वास असलेलं असेल तर नुसत्या तेलबदलाने ते सुधारणार नाही, गिअरबॉक्स आधी उघडून तपासून घ्या. रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट आणि फॅन क्लच यांचीही तीच तऱ्हा: रिकाम्या गाडीला पुरतं ते चढावर पुरत नाही. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना सुमारे 3 टक्के घटते, म्हणजे 7,000 फुटांवर पाचवा हिस्सा गेलेला असतो.

ट्रेलरचे ब्रेक ही वेगळी यंत्रणा आहे आणि ती बहुतेक वेळा अर्धवट चालत असते. ब्रेक कंट्रोलर प्रपोर्शनल प्रकारचा घ्या, जो गाडी जेवढी थांबतेय त्या प्रमाणात ट्रेलर थांबवतो. वेळेवर चालणारा स्वस्त मिळतो, पण हळू थांबताना धक्के देतो आणि जोरात थांबताना उशीर करतो. जोडल्यावर रिकाम्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशी 25 मैलांवर कंट्रोलरवरची हाताची पट्टी पूर्ण दाबा आणि चाकं लॉक होण्याच्या किंचित अलीकडे गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) ठेवा. गेन पूर्ण वाढवूनही ट्रेलर धरत नसेल तर करंट मोजा: ट्रेलरचे ब्रेक विजेच्या मॅग्नेटने लागतात; 12 इंची ड्रमचा प्रत्येक मॅग्नेट साधारण 3 अँपिअर घेतो, चार चाकांचे मिळून 12. कमी आला तर सात पिनी प्लगमधली हिरवी बुरशी आणि पांढरी अर्थची वायर आधी तपासा. दोष बहुधा तिथेच सापडतो. करंट बरोबर असेल तर बहुधा ब्रेक शू सैल आहेत. चाक उचला, मागच्या फटीतून स्टार व्हील (शू घट्ट-सैल करणारी दातेरी चकती) चाक कसंबसं फिरेल इतकं घट्ट करा, मग हलकं घासल्याचा आवाज राहील इतकं सैल सोडा. आणि ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक आपोआप लावणारी) पिन ओढून बघा: प्लग काढलेला असताना चाकं जाम व्हायला हवीत. पिन लगेच परत घाला, नाहीतर मॅग्नेट तापतात. तिची दोरी साखळीला न बांधता गाडीला स्वतंत्र बांधा. सुरक्षा साखळ्या कपलरच्या (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या टोकाच्या) खाली फुलीसारख्या.

टायरबद्दल दोनच गोष्टी. गाडीला पी प्रकारचे, म्हणजे मोटारीचे टायर असतील तर पिकअपवर त्यांची क्षमता 1.10 ने भागावी लागते, त्यामुळे एलटी, म्हणजे हलक्या ट्रकचे, घ्या. ट्रेलरच्या टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांनंतर बदला आणि हवा बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्याइतकी, थंड असताना भरा. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी 65 मैल आहे.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या. पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका. ठाम दाबून ताशी पाच-सात मैल कमी करा, पूर्ण सोडा, थंड होऊ द्या, पुन्हा दाबा.

आणि ट्रेलर झुलू लागला तर: गाडीचा ब्रेक दाबू नका, वेग वाढवू नका, स्टिअरिंगने त्याचा पाठलाग करू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि कंट्रोलरची पट्टी हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. त्यासाठी ती पट्टी न बघता हाताला सापडेल अशा जागी कंट्रोलर बसवा. थांबल्यावर सामान मागून पुढे हलवा आणि टंग वेट पुन्हा मोजा, कारण झुलण्याचं मूळ बहुतेक वेळा 10 टक्क्यांच्या खाली गेलेल्या टंग वेटमध्ये असतं.

चाकं काढून बसवली असतील तर नट 10, 25 आणि 50 मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.