कोटेशनमधली राहून गेलेली ओळ

प्रिय मित्रा,

क्लायंटच्या वेबसाइटसाठी तू केलेलं, मला पाठवलेलं कोटेशन वाचलं. डिझाइन, डेव्हलपमेंट, होस्टिंग, वर्षभराचं मेन्टेनन्स, सगळं एका ठोक रकमेत. कामाचे तास बरोबर धरलेस. पण फॉर्मचं प्लगइन (साइटला जादा सोय जोडणारा तयार कोड), थीममधला (साइटच्या तयार मांडणीतला) स्लायडर म्हणजे सरकते फोटो, मथळ्याचा फाँट आणि नकाशा यांचा खर्च त्या रकमेत कुठेतरी विरघळून गेलाय. पहिल्या वर्षी तो तुझ्या नफ्यातून जाईल आणि जाणवणारही नाही. तिसऱ्या वर्षी मात्र क्लायंटचं नवं काम हातात नसताना त्याच्या साइटचं रिन्यूअल तूच भरत बसशील.

वर्डप्रेसपासून, म्हणजे साइट ज्यावर बनते त्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे असतो. वर्डप्रेस जीपीएल या, कोड वापरायची आणि वाटायची मुभा देणाऱ्या परवान्याखाली आहे आणि त्यावरच्या प्लगइनचा पीएचपी (वर्डप्रेसची प्रोग्रॅमिंग भाषा) कोडही बहुधा त्याच परवान्याखाली येतो. त्यामुळे वर्षाचे पैसे भरतोस ते मुख्यतः अपडेट आणि सपोर्टचे. लायसन्स की, म्हणजे पैसे भरल्यावर मिळणारा कोड, तिची मुदत संपली म्हणून साइट सहसा बंद पडत नाही, आणि घोळ इथेच होतो. क्लायंट म्हणतो, "चालतंय ना सगळं, मग कशाला भरायचे?" त्याला पुढचा क्रम सांग. अपडेट थांबतात, प्लगइन आहे त्या आवृत्तीवर राहतं. एक दिवस होस्टिंगवाला पीएचपी 7.4 वरून 8 वर नेतो, 7.4 चा अधिकृत सपोर्ट नोव्हेंबर 2022 मध्येच संपला, त्यामुळे त्याचाही इलाज नसतो. पीएचपी 8 मधून क्रिएट-फंक्शन आणि ईच ही दोन जुनी फंक्शनं काढून टाकली आहेत. प्लगइनमध्ये त्यातलं एक जरी वापरात असलं की फेटल एरर येते, पांढरा पडदा दिसतो, आणि फोन होस्टिंगवाल्याला नाही, तुला येतो.

थीमसोबत "फुकट" येणारं प्लगइन त्याहून फसवं. लायसन्स थीम बनवणाऱ्याचं असतं, तुला की मिळत नाही. नवी आवृत्ती थीमवाला देईल तेव्हाच येणार. स्लायडर रिव्होल्यूशनमधली एक गंभीर त्रुटी फेब्रुवारी 2014 मध्ये 4.2 आवृत्तीत दुरुस्त झाली होती. सप्टेंबरमध्ये तिचा बोभाटा झाला तेव्हाही असंख्य साइट जुन्याच आवृत्तीवर होत्या. नुसती एक लिंक उघडून डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइल, म्हणजे डेटाबेसचा पासवर्डच, बाहेरून उतरवून घेता येत होता. आपल्या थीमच्या पोटात हे प्लगइन आहे हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. तुझ्या कोटेशनमधला स्लायडर असाच थीमसोबत आलेला आहे, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

नल्ड प्लगइनबद्दल, म्हणजे लायसन्सची तपासणी काढून तिऱ्हाइताने वाटलेल्या प्लगइनबद्दल एवढंच: जीपीएलमुळे कोड पुढे वाटायला मुभा असते हे खरं, पण मधल्या माणसाने त्यात काय घुसवलंय ते तू ओळ न् ओळ वाचणार आहेस का?

फाँटचं लायसन्स वापरानुसार वेगळं असतं. डेस्कटॉपसाठी घेतलेला फाँट वेबसाइटवर चढवायची परवानगी त्यात असेलच असं नाही. वेबचं लायसन्स कित्येकदा महिन्याच्या पेजव्ह्यूवर, म्हणजे पानं किती वेळा उघडली त्यावर ठरतं. क्लायंटची जाहिरात चालली आणि वर्दळ वाढली की फाँटचा खर्चही वाढतो. ब्रँडचा हट्ट नसेल तर ओपन फाँट लायसन्सवाला (मोफत वापरता येणारा) घे आणि विषय संपव.

नकाशाचं सोपं आहे. जुलै 2018 पासून गुगल मॅप्सच्या एपीआयला (कोडमधून नकाशा मागवायच्या सोयीला) बिलिंग खातं जोडावं लागतं, नाहीतर करडा पडलेला नकाशा आणि त्यावर "फक्त डेव्हलपमेंटसाठी" असा शिक्का दिसतो. दरमहा मिळणारं 200 डॉलरचं क्रेडिटही मार्च 2025 पासून गेलं. आता प्रत्येक सेवेला वेगळी मोफत मर्यादा आहे. पण संपर्काच्या पानावर एक पत्ता दाखवायला साधा एम्बेड (गुगलचा तयार नकाशा पानात चिकटवणं) पुरतो, आणि तो मोफत आहे. नकाशाचा खर्च काढून टाक. पुढे कधी एपीआय लागलाच तर खातं आणि कार्ड क्लायंटचं ठेव, एपीआय की त्याच्या डोमेनपुरती बांध आणि रोजच्या कोट्याला मर्यादा घाल.

आता अनलिमिटेड साइटचं एजन्सी लायसन्स, म्हणजे तुझ्या एकाच कीवर हव्या तितक्या क्लायंटच्या साइट. स्वस्त पडतं म्हणून मोह होणारच. पण तू ते बंद केलंस किंवा क्लायंट दुसरीकडे गेला, की त्याचे अपडेट त्याच दिवशी थांबणार आणि दोष तुझ्यावर येणार. माझं मत विचारशील तर क्लायंट दरमहा मेन्टेनन्स देत असेल तरच तुझी की वापर, आणि "मेन्टेनन्स चालू असेपर्यंत" हे शब्द कोटेशनमध्ये लिही. एरवी खरेदी क्लायंटच्याच ईमेलवर आणि कार्डवर. हे होस्टिंगलाही लागू आहे. 2019 मध्ये सीपॅनेलने (होस्टिंग सांभाळायचं सॉफ्टवेअर) सर्व्हरमागे ठरलेला दर सोडून अकाउंटच्या संख्येवर आकारणी सुरू केली, तेव्हा एकाच सर्व्हरवर शंभरेक लहान साइट ठेवणाऱ्यांचं गणित एका झटक्यात बिघडलं. चाचणीसाठी काढलेली, विसरलेली अकाउंटं दर काही महिन्यांनी उडवत जा.

कोटेशनचे दोन भाग कर: एकदाचा खर्च आणि दरवर्षीचा खर्च. दुसऱ्या भागात प्रत्येक वस्तूपुढे लायसन्स कुणाच्या नावावर, रिन्यूअलची तारीख, रिन्यूअलचा दर आणि न भरल्यास काय होईल, हे लिही. रिन्यूअलचा दर म्हणतोय, पहिल्या वर्षीचा सवलतीचा नव्हे. वाद नेमका त्या फरकावरून होतो. रिन्यूअल सांभाळायची तुझी मेहनतही वेगळ्या ओळीत दाखव, लायसन्सच्या किमतीत गुपचूप मिसळू नकोस. क्लायंट मूळ किंमत शोधून काढतातच.

आणि नवं कोटेशन पाठवण्याआधी स्लायडर खरंच हवाय का ते एकदा विचारून घे. तीन फोटो बोटाने सरकवायला सीएसएसचं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेतलं) स्क्रोल-स्नॅप पुरे.