२७ इंची की ३२ इंची? १०८०पी, १४४०पी की फोरके?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सध्या २१.५ इंची, १०८०पी (पडद्यावर १९२०×१०८० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके), ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं. टेबल ६० सेंटिमीटर खोल. निम्मा वेळ व्हॅलोरंट हा शूटिंगचा गेम, निम्मा वेळ मोठ्या कथेचे ओपन वर्ल्ड (मोकळ्या जगात फिरायचे) गेम. २७ इंची १०८०पी, २७ इंची १४४०पी (२५६०×१४४०) आणि ३२ इंची फोरके (३८४०×२१६०), यांपैकी कोणता घ्यावा?

२७ इंची १४४०पी घ्या, १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वरचा.

आता कारणं सांगतो, कारण ती पक्की कळली नाहीत तर शोरूममध्ये उभं राहिल्यावर मन हमखास बदलतं. तिथे आपण मॉनिटरपासून मीटर-दीड मीटर लांब उभे असतो. तेवढ्या अंतरावरून २७ इंची लहान वाटतो, ३२ इंची बरोबर वाटतो आणि १०८०पी, १४४०पी दोन्ही सारखेच स्वच्छ दिसतात. घरी मात्र आपण त्याच्यासमोर हातभर अंतरावर बसणार असतो.

इंच आणि रिझोल्यूशन (पडद्यावरचे आडवे-उभे पिक्सेल) वेगवेगळे बघितले की घोळ होतो. दोन्ही मिळून एका पिक्सेलची रुंदी ठरते, आणि डोळ्याला दिसते ती तीच. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. त्यात आडवे १९२० पिक्सेल बसवले की एकेक पिक्सेल ०.३१ मिलिमीटरचा होतो. २५६० बसवले की ०.२३. ३२ इंची पडदा ७१ सेंटिमीटर रुंद; फोरकेचे ३८४० पिक्सेल त्यात घातले की ०.१८. दुसऱ्या बाजूला, चांगली नजर (चष्मा लावून का होईना) अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. ६० सेंटिमीटर अंतरावर तो भाग भरतो सुमारे ०.१७ मिलिमीटर. पिक्सेल त्याच्या जितका जवळ, तितकं चित्र सलग दिसतं.

आता तुमचा आजचा मॉनिटर मोजू. २१.५ इंची १०८०पी म्हणजे ०.२५ मिलिमीटरचा पिक्सेल. तुम्ही २७ इंची १०८०पी घेतलात तर तो ०.३१ चा होईल. म्हणजे नवा मॉनिटर घेऊन चित्र आत्ताच्यापेक्षा भरड दिसणार. तुमच्या यादीतला हा पर्याय मी आधी खोडतो तो याच कारणासाठी. १०८०पी घ्यायचाच असेल तर २४ इंचांवर थांबावं. त्याच्या पुढे ते रिझोल्यूशन ताणलं जातं.

मी स्वतः २७ इंची १०८०पी जवळपास दोन वर्षं वापरलाय. टेबलावर जागा भरल्यासारखी वाटली म्हणून पहिले काही दिवस आवडला. मग एका गेममध्ये संध्याकाळच्या आकाशावर विजेच्या तारा दिसत होत्या. नुसत्या उभ्या राहून बघितल्या तर तुटक तुटक ठिपके, आणि पात्र चालायला लागलं की ते ठिपके तारेवरून मुंग्यांसारखे सरकायचे. जाळीचं कुंपण, गवताची पाती, लांबच्या इमारतीचे कठडे, जिथे जिथे बारीक रेघ आहे तिथे तिथे हेच. अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) वाढवलं की मुंग्या थांबायच्या, पण सगळं चित्र ओल्या काचेतून बघितल्यासारखं व्हायचं. सामानाच्या यादीतल्या बारीक अक्षरांत इंग्रजी ई आणि सी यांत फरक करायला पुढे वाकावं लागायचं. १४४०पीवर आल्यावर पहिल्यांदा त्या तारा सलग दिसल्या, तेव्हा मी बराच वेळ नुसता आकाशाकडे बघत उभा होतो. शूटिंगमध्येही फायदा आहे. लांबच्या शत्रूचं डोकं १०८०पीवर सहा पिक्सेल रुंद असेल तर १४४०पीवर तेच आठ पिक्सेलांत काढलेलं असतं.

मग फोरके का नको, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. त्याला दोन कारणं आहेत, एक टेबल आणि दुसरं कार्ड.

टेबलाचं आधी. ६० सेंटिमीटर खोल म्हणजे पडदा ६० सेंटिमीटरवर असेलच असं नाही. स्टँडचा पाया बहुतेक वेळा २० ते २५ सेंटिमीटर खोली खातो, त्यामुळे पडदा टेबलाच्या पुढच्या कडेपासून चाळीसेक सेंटिमीटरवर येतो. तुमचे डोळे त्या कडेच्या मागे आणखी १५-२० सेंटिमीटर. हे सगळं जमेस धरून तुम्ही ५५ ते ६० वर बसणार. तिथून ३२ इंची पडदा नजरेचा साठ अंशांहून जास्त भाग व्यापतो. ओपन वर्ल्ड गेमला ते छानच वाटतं. पण व्हॅलोरंटमध्ये छोटा नकाशा वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि गोळ्यांचा आकडा खाली. माझ्याकडे काही महिने ३२ इंची होता, ५५ सेंटिमीटर खोल टेबलावर. नकाशाकडे बघायला नुसती नजर पुरायची नाही, मान वळायची. एका सामन्यात असं शंभरदा होतं. दोन तास खेळून उठल्यावर मानेच्या डाव्या बाजूला ओढ जाणवायची, आणि मी खुर्चीला दोष देत होतो.

म्हणून एक काम आजच करून बघा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, ६० बाय ३४ सेंटिमीटर कापा. तो झाला २७ इंची. दुसरा ७१ बाय ४०, तो ३२ इंची. कोपऱ्यांत पेनने बारीक आकडे लिहा, मॉनिटरच्या जागी पुठ्ठा उभा करा आणि नेहमीसारखे बसा. मधोमध नजर ठेवून कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघायचं. डोळे फिरवून वाचता आला तर आकार तुमच्या टेबलाला चालतो. मान वळली तर नाही. डोळ्यापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेवा, बाकी सगळं त्याच्यावर बेतता येतं. मोठ्याच पडद्यावर जीव असेल तर मॉनिटर आर्म लावून तो भिंतीपर्यंत मागे ढकलता येतो, १०-१५ सेंटिमीटर सहज मिळतात. फक्त मॉनिटरच्या पाठीवर वेसाची (आर्म बसवायची, ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत ना, हे घेतानाच बघायचं. बऱ्याच मॉनिटरांवर ती १०० बाय १०० मिलिमीटरची असतात, पण काही मॉडेलांना मुळीच नसतात.

आता कार्ड. १०८०पीत सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४०पीत ३६.९ लाख, फोरकेत ८२.९ लाख. १०८०पीवरून १४४०पीवर गेलात की कार्डाचं काम जवळजवळ पावणेदोन पट होतं, फोरकेवर गेलात की बरोबर चौपट. एफपीएस (कार्ड सेकंदाला किती चित्रं काढतं तो आकडा) त्याच प्रमाणात पडतात असं नाही, कारण प्रोसेसरचाही वाटा असतो, पण भारी गेममध्ये दिशा हीच. ३०६० ला १४४०पी पेलतं. फोरकेत नवे भारी गेम चालवायचे तर सेटिंग इतकी उतरवावी लागते की जादा पिक्सेलांचं सुख हातात उरत नाही.

माझ्या शब्दावर विसंबू नका, कारण हे तुम्हाला मॉनिटर घेण्याआधीच मोजता येतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये थ्रीडी सेटिंगखाली 'डीएसआर फॅक्टर्स' आहे. तिथे १.७८ आणि ४.०० वर खूण करा. मग गेममध्ये रिझोल्यूशनच्या यादीत २५६०×१४४० आणि ३८४०×२१६० दिसू लागतील. चित्र तुमच्या जुन्याच मॉनिटरवर छोटं करून दाखवलं जाईल, पण कार्ड खरोखर तेवढे पिक्सेल काढत असेल. एफपीएस दाखवणारा काउंटर लावा, व्ही-सिंक (एफपीएस पडद्याच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) बंद ठेवा आणि गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या भागात दहा मिनिटं फिरा. तो आकडा म्हणजे तुमच्या नव्या मॉनिटरवरचा जवळपास खरा आकडा. एएमडीचं कार्ड असणाऱ्यांना हीच सोय व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन नावाने मिळते. मॉनिटर निवडताना याच्याइतकी उपयोगी चाचणी मला दुसरी माहीत नाही, आणि तिला एक छदामही लागत नाही.

आकडा कमी आला तर डीएलएसएस आहे. १४४०पीवर 'क्वालिटी' ठेवलं की कार्ड आतून १७०७×९६० चं चित्र काढतं आणि ते १४४०पीपर्यंत वाढवतं. मला कथेच्या गेममध्ये मूळ चित्राशी त्याचा फरक खेळता खेळता फारसा जाणवत नाही. हीच युक्ती १०८०पी मॉनिटरवर तितकी साधत नाही, कारण तिथे आतलं चित्र ७२०पी होतं आणि त्यातून सावरायला माहितीच कमी उरते.

पण एक चूक करू नका. "फोरके घेतो आणि जड गेम १४४०पीवर चालवतो" असं बरेच जण ठरवतात. एलसीडी पडद्याचे पिक्सेल ठरलेल्या जागी बसवलेले असतात. १४४०पीचं चित्र फोरकेवर पसरायचं तर एका पिक्सेलला दीड पिक्सेल वाट्याला येतो, आणि अर्धा पिक्सेल असा नसतोच. मग शेजारचे रंग मिसळून कडा बोथट होतात. १०८०पी मात्र फोरकेवर दोनाच्या पटीत नीट बसतं. १४४०पी मॉनिटरवर १०८०पी चालवलं तर पुन्हा तेच, एकास सव्वाहून थोडा जास्त पिक्सेल, आणि अक्षरं धुरकट. म्हणून मॉनिटर ज्या रिझोल्यूशनचा, त्यावरच खेळायचं, आणि भार हलका करायचा तो सेटिंग उतरवून किंवा डीएलएसएस लावून.

रिफ्रेश रेटबद्दल फार लिहीत नाही. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ ने, २४० वर ४.२ ने. पहिली उडी मोठी आहे, ती माउस हलवताक्षणी हाताला कळते, दुसरी लहान. व्हॅलोरंट हलका गेम आहे, १४४०पीवरही तुमचं कार्ड १४४ च्या वर जाईल. कथेचे गेम ५० ते ८० मध्ये खालीवर होतील, तिथे जी-सिंक किंवा फ्रीसिंक कामाला येतं. कार्डाचं चित्र तयार झालं की मगच पडदा बदलतो, त्यामुळे चित्र मधोमध फाटत नाही. एवढी सोय नसलेला मॉनिटर आज घेऊच नका.

पॅनेल, म्हणजे पडद्याचा प्रकार, आयपीएस घ्या. व्हीएमध्ये काळा रंग जास्त गडद मिळतो, अंधाऱ्या खोलीत कथेचे गेम त्यावर देखणे दिसतात, पण स्वस्त व्हीएत अंधारातून काही सरकलं की त्यामागे काळी शेपटी ओढली जाते. शूटिंग करणाऱ्याला ते नको. ओलेड सगळ्यांत सुंदर, पण दिवसभर त्याच मॉनिटरवर कामही करणार असाल तर एका जागी स्थिर राहणाऱ्या टास्कबारचा डाग कायमचा बसण्याची काळजी मागे लागते.

तुमची परिस्थिती थोडी वेगळी असती तर माझं उत्तरही बदललं असतं. फक्त व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक खेळत असता तर मी २४-२५ इंची, १०८०पी, २४० हर्ट्झ सांगितला असता. स्पर्धेत खेळणारे बहुतेक त्याच आकारावर असतात, कारण सगळा पडदा एका नजरेत मावतो. टेबल ८० सेंटिमीटर खोल आणि कार्ड दोन पायऱ्या वरचं असतं तर ३२ इंची फोरके बिनधास्त घ्या म्हटलं असतं. ३२ इंची १४४०पी मात्र नीट विचार करून घ्यावा: त्याचा पिक्सेल ०.२८ मिलिमीटर, म्हणजे हुबेहूब २४ इंची १०८०पीएवढा. आकार वाढतो, बारकावा वाढत नाही. अल्ट्रावाइडचा मोह झाला तर एवढं ध्यानात ठेवा की ३४ इंची अल्ट्रावाइडची उंची २७ इंचीएवढीच असते. तो फक्त बाजूंना लांबतो, त्याचे पिक्सेल ४९.५ लाख असतात, आणि व्हॅलोरंट ती जादा रुंदी वापरूच देत नाही, बाजूला काळ्या पट्ट्या येतात.

मॉनिटर घरी आला की डब्यातली डिस्प्लेपोर्ट केबल थेट ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टला लावा, मदरबोर्डच्या नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'अॅडव्हान्स्ड डिस्प्ले' उघडा आणि रिफ्रेश रेट हाताने १४४ किंवा जो असेल तो निवडा. नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा तो ६० वरच ठेवतं, आणि कित्येक जण महिनोन् महिने तसेच खेळत राहतात. गेमच्या आतलं रिझोल्यूशनही पुन्हा तपासा. जुन्या मॉनिटरचं १९२०×१०८० तिथे तसंच लिहून राहिलेलं असतं.

पुठ्ठ्याची आणि डीएसआरची चाचणी केलीत की दोन्ही आकडे इथे लिहा: डोळ्यापासूनचं अंतर, आणि तुमच्या सगळ्यात जड गेमचे १४४०पीवरचे एफपीएस. अंतर ५० च्या आत निघालं तर २७ ऐवजी २४-२५ इंचीत १४४०पीचं मॉडेल मिळतं का, हे आपण बघू.