छोट्या कुत्र्याचं ड्राय फूड: आधी एवढंच बघा

ब्रँडच्या वादात आत्ताच पडू नका. पिशवी उलटी करून मागचं वाचा: आहार संपूर्ण व संतुलित आहे का, आणि कोणत्या वयासाठी? छोट्या जातीच्या पिल्लाला साधारण 10-12 महिन्यांपर्यंत पपी फूडच द्या. दाणा बारीक हवा.

नवखे हमखास चुकतात ते प्रमाणात. छोट्या जातींना किलोमागे कॅलरी जास्त लागतात हे खरं, पण 3 किलोच्या जिवाला रोजचे मूठभर जास्तीचे दाणेही अंगावर येतात. म्हणून:

- अंदाजे वाटी नको, वजनकाट्यावर मोजा.
- ट्रीट दिवसाच्या कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत. (त्या डोळ्यांकडे बघून विरघळायचं नाही!)

खाणं बदलताना 7-10 दिवसांत जुन्यात नवं थोडं थोडं वाढवा, एकदम बदललंत तर पोट बिघडू शकतं. ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं खाणं) वगैरे नंतर बघू.