फिलिपीन्सचा जुना इतिहास: सुरुवात ताम्रपटापासून करा

स्पॅनिश येण्याआधी फिलिपीन्समध्ये लिहिलेलं काही नव्हतंच, मग त्या काळाचा अभ्यास कशावरून करायचा, असं तुम्ही विचारलंय. लिहिलेलं होतं. आणि त्याची पहिली ओळ तुम्हाला शब्दकोश न उघडता कळेल.

१९८९ साली लागुना प्रांतात लुंबानजवळ नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तांब्याचा एक काळा पडलेला पत्रा निघाला. वहीच्या पानाएवढा, त्यावर दहा ओळी. पुढच्या वर्षी तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आला. मिंदोरो बेटावर मंग्यान लोकांमध्ये राहून काम करणारे डच अभ्यासक आंतून पोस्त्मा यांनी तो वाचला. लिपी कावी (जुन्या जावाची लिपी), भाषा जुनी मलय आणि सुरुवात अशी: ‘स्वस्ति शकवर्षातीत ८२२ वैशाख मास’. पुढे चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे २१ एप्रिल ९००. स्पॅनिशांची पहिली मोहीम घेऊन मॅगेलन तिथे पोचला १५२१ मध्ये! आपल्या अलिबागजवळच्या अक्षीच्या मराठी शिलालेखाहूनही हा लेख शंभरेक वर्षांनी जुना. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

पण त्या ओळीवरून ‘तिथे आपलं राज्य होतं’ असं कृपा करून म्हणू नका. शक आणि तिथी जावा-सुमात्राच्या वाटेने तिथे पोचल्या असाव्यात. आतला व्यवहार मात्र तिथल्या माणसांचा आहे. नामवरान नावाच्या माणसावर एक काटी आठ सुवर्ण (ही तेव्हाची वजनं) एवढं सोन्याचं कर्ज होतं, ते माफ झालं. हा लेख मिळाला तो त्याच्या मुलांना: दयांग (म्हणजे बाईसाहेब) अंगकातान आणि तिचा भाऊ बुका यांना. साक्षीला गावोगावचे प्रमुख. त्यातलं तुंदुन म्हणजे मनिलातलं आजचं तोंदो, असं पोस्त्मांचं मत.

वाचताना एक सवय मात्र लावून घ्या: कागद आला कुठून, हे आधी विचारायचं. १४३३ सालची म्हणून सांगितली जाणारी ‘कालांत्याव संहिता’ ही कायद्यांची यादी शाळेच्या पुस्तकांतसुद्धा होती. इतिहासकार विल्यम हेन्री स्कॉट यांनी १९६८च्या प्रबंधासाठी तिचा माग काढला, तर ती होसे मार्को याने विसाव्या शतकात पुढे आणलेली बनावट निघाली. म्हणून ताम्रपटाबद्दलही आधी पोस्त्मांचा १९९२चा लेख वाचा, ‘फिलिपीन स्टडीज’ या नियतकालिकात आहे. मूळ ओळी आणि त्यांचा अर्थ दोन्ही त्यात मिळतील.

शेवटची ओळ सावकाश वाचा. ‘पुढे कधी कोणी म्हणालं की हे कर्ज अजून फिटलेलं नाही, तर…’ आणि पत्रा तिथेच संपतो. दुसरा पत्रा असणार. तो अजून सापडलेला नाही.