धर्मगुरूंनी पर्यावरणासाठी रस्त्यावर उतरणे योग्य आहे का?

माझ्या मते योग्य आहे, आणि त्यासाठी उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. वसईतील कॅथलिक धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या माध्यमातून बिल्डरांची अनिर्बंध बांधकामे, विहिरींचे पाणी उपसून नेणारे टँकर आणि या दोहोंना पाठीशी घालणारी गुंडगिरी यांच्याविरुद्ध आंदोलन उभारले. वाड्या आणि विहिरी हा तिथल्या सर्वांच्याच जगण्याचा आधार असल्यामुळे तो लढा केवळ ख्रिस्ती समाजापुरता राहिला नाही. पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावरून विरोध केला. (वसईच्या विहिरींनी मात्र कोणाचा धर्म विचारला नव्हता.)

गंगेच्या अविरल प्रवाहासाठी स्वामी सानंद, म्हणजेच आयआयटी कानपूरचे माजी प्राध्यापक जी. डी. अगरवाल, यांनी २०१८ मध्ये १११ दिवस उपोषण करून प्राण गमावले. अशा सहभागाला माझा आक्षेप एकाच ठिकाणी असेल: धर्मगुरू आंदोलनाच्या व्यासपीठावरून एखाद्या पक्षासाठी मते मागू लागले, तर.