सासूबाई फक्त ‘हं’ म्हणतात

प्रश्न : ताई, मी कराडला राहते, पतसंस्थेत नोकरी करते. मिस्टर पुण्याला असतात, शनिवारी येतात. घरी मी, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. मामंजी लॉकडाऊनच्या आदल्या वर्षी वारले. मग मिस्टरांनी सासूबाईंना चांगला फोन घेऊन दिला. पूर्वी मी घरी आले की गवार निवडता निवडता आमच्या तासभर गप्पा व्हायच्या. आता त्या रात्री अकरापर्यंत रील्स बघतात. काही विचारलं तर नुसतं ‘हं’. मुलाला फोनवरून रागावले की तो म्हणतो, “आजीला का नाही बोलत?” मोठ्या माणसाला सांगायचं कसं?

उत्तर : सुनेच्या फोनबद्दल सासूची तक्रार माझ्याकडे नेहमी येते. सासूच्या फोनबद्दल सून एवढ्या मायेने क्वचितच लिहिते. तुम्हाला सासूबाईंचं बोलणं हवंय, हे त्यांना ठाऊक आहे का? आधी ते त्यांच्या कानावर जाऊ दे.

त्यांना हट्टी समजू नका. पूर्वी वेबसाइटवर एक पान संपलं की पुढच्या पानासाठी टिचकी मारावी लागायची. 2006 मध्ये आझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने पान संपूच नये अशी रचना केली. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पान संपलं की माणूस मान वर करतो, घड्याळ बघतो, “कुकर लावलास का गं?” म्हणून विचारतो. रील्समध्ये ती मान वर व्हायची वेळच येत नाही. तरणीताठी माणसं त्यात अडकतात, मग दिवसभर एकटं घर सांभाळणाऱ्या बाईचं काय!

कारण मला खरी गोष्ट तीच वाटते. तुम्ही ऑफिसला, नातू शाळेला, मामंजी नाहीत. सकाळी दहापासून त्यांच्याशी बोलतंय कोण? तो फोनच. तुम्ही संध्याकाळी येता तोवर त्यांना त्याची सवय झालेली असते. म्हणून फोन काढून घेणं, गुपचूप वेळेची मर्यादा लावून ठेवणं यातलं काही करू नका. तो त्यांचा अपमान होईल.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तुम्हाला ते फार लांब नाही. तिथल्या ग्रामस्थांनी 2022 च्या ऑगस्टमध्ये ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला पुरुषांनी हसण्यावारी नेलं, बायकांनी उचलून धरलं. मला त्यातलं आवडतं ते हे, की नियम एकट्या पोरांना नव्हता, सगळ्या घराला होता. तुमच्या मुलाचा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. तुमच्याकडेही सात ते साडेआठ तिघांचे फोन एकाच फळीवर ठेवा आणि पहिला फोन तुमचा ठेवा, ऑफिसचा ग्रुप वाजत असला तरी.

नुसते फोन ठेवून गप्पा सुरू होत नाहीत, हे मात्र लक्षात घ्या. समोरासमोर बसून “बोला आता” म्हटलं की जीभ जड होते. हात कामात असले की तोंड आपोआप उघडतं. पावटे घेऊन या, शेंगा फोडायला बसा, नातवालाही बसवा. त्यांनाच येतं असं काहीतरी विचारा : घरचा मसाला भाजताना दगडफूल कधी टाकायचं, मामंजींच्या वाटणीचं रान कसं ठरलं. पहिले काही दिवस ‘हं’च येईल. येऊ दे.

त्या दाखवतात ती एखादी रील शेजारी बसून बघाही. कीर्तनाची असेल तर बुवांवरून त्यांच्या गावच्या सप्त्यापर्यंत बोलणं जाईल.

आणि मिस्टरांना सांगा : आई रोज सकाळी जे व्हिडिओ पाठवतात, त्यांना अंगठा पाठवू नका. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यांना फोन करा आणि “जेवलीस का, काय केलंस आज?” एवढं विचारा.