सांगलीहून हजूर साहिबला पहिल्यांदा जाताना

नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात शिरण्याआधी खिसे नीट तपासा. तंबाखूची पुडी, चुन्याची डबी, सिगारेट काहीच आत न्यायचं नाही. शीख मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारनियमांत, तंबाखू पूर्ण वर्ज्य आहे. आपल्याकडच्यांची चूक नेमकी इथेच होते, पुडी सवयीने खिशातच राहते. डोक्याला मोठा सुती रुमाल बांधा, मागे घट्ट गाठ मारा; छोटा हातरुमाल नुसता ठेवला तर माथा टेकताना हमखास घसरतो. चपला काढून पाय धुवा. गुरू ग्रंथ साहिब या पवित्र ग्रंथाकडे पाय पसरू नका, मांडी घालून बसा. कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, ओंजळीत घ्यायचा. कणीक, साखर, तूप समसमान, त्यामुळे हात तुपकट होणारच. लंगरमध्ये, म्हणजे सगळ्यांसाठीच्या पंगतीत, पोळीसुद्धा दोन्ही हात पुढे करूनच घ्या, आणि थोडंथोडं घ्या. वाढपी पुन्हा येतात, पानात टाकणं मात्र फार वाईट दिसतं.